नववं खेचर

२ सप्टेंबर

सकाळी रोंडानं स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन कागद आणून आपटले. एक वनखात्याचा अर्ज. वरच्या कुरणातल्या आमच्या शिकारी कॅम्पचा परवाना यंदा संपतोय, पुढच्या दहा वर्षांसाठी तो माझ्या नावानं घ्यायचा की तिच्या, ते लिहून सही करायची. दुसरा कागद तिच्या हातचा, वर एप्रिलातली तारीख. कॅम्प तिचा झाला की विकून टाकायच्या खेचरांची यादी. म्हणजे पोटची पोरगी एप्रिलपासून बापाची निरवानिरव करून बसली आहे.

यादी वाचली. बिशप, जुनी डॉली, स्मोकी वगैरे आठ नावं. आमच्या दावणीला खेचरं नऊ आहेत. हॅटीचं नाव विसरली. एकोणचाळीस वर्षांची घोडी झाली, नऊपर्यंत मोजता येत नाही, आणि निघालीय कॅम्प चालवायला. मी तसं तोंडावर सांगितलं. ती काहीतरी पुटपुटली. हल्ली सगळे पुटपुटतातच, शब्द नीट तोंडाबाहेर काढायचे कष्ट कुणाला नकोत.

तिचं म्हणणं असं. मोठे तंबू नकोत, लोखंडी चूल नको, खेचरं नकोत. शिकाऱ्यानं पाठीवर हलकी पिशवी घ्यायची, रोज रात्री वेगळ्या डोंगरावर झोपायचं, फोनमधल्या नकाशावर एल्क हरणाचा नर शोधायचा आणि सहाशे पावलांवरून दुर्बिणीच्या बंदुकीनं उडवायचा. याला ती शिकार म्हणते. जवळ जायची अक्कल नाही म्हणून लांब पल्ल्याची बंदूक. नाचता येईना, अंगण वाकडं.

शेवटी पैज ठरली. पंधरा तारखेला मोसम उघडतो. ओहायोचा एक गिऱ्हाईक दहा दिवसांसाठी येतोय. पहिले पाच दिवस तो माझा. त्या पाच दिवसांत माझ्या पद्धतीनं त्याला नर मिळाला तर परवाना माझ्या नावानं, आणि खेचरांचा विषय माझ्या मरणापर्यंत बंद. नाही मिळाला तर मी सही करून बाजूला व्हायचं. रोंडा म्हणाली, "बाबा, नंतर कुरकुर करायची नाही." मी म्हटलं, "कुरकुर तुझी आई करायची, मी नाही."

७ सप्टेंबर

दोन दिवस चालून वर पोचलो. अठरा मैलांची चढण, नऊ खेचरं, दोन मोठे तंबू, चूल, पिठाची पोती. खालच्या ओढ्यात बिशपचा पाय घसरला आणि कॉफीचा डबा वाहून गेला. रोंडा पाठीवर पिशवी टाकून माझ्या आधी तीन तास पोचली होती आणि दगडावर बसून सफरचंद खात होती. बोलली काही नाही, तेच जास्त झोंबलं.

आमचा आचारी डुएन माझ्यासोबत तेहेतीस वर्षं आहे. त्याचे पुढचे दात गेल्यापासून तो काय बोलतो ते कळत नाही, तीनतीनदा विचारावं लागतं. आज म्हणाला, "म्हाताऱ्या, किती ओरडतोस. मी इथंच उभा आहे." मी ओरडत नव्हतो.

संध्याकाळी खालच्या झाडीत माझ्या वडिलांची मिठाची जागा पाहून आलो. क्लीट हॅगर्टी साऱ्या खोऱ्यात नावाजलेला शिकारी. त्याच्या काळी शिकार म्हणजे खेचरावर मिठाची पोती आणायची, ओंडक्यात भरून ठेवायची आणि झाडावरच्या मचाणात बसून राहायचं. एल्क मीठ चाटायला यायचे आणि मरायचे. मी तिशीत असताना या प्रकाराला वैतागलो. शीळ घालून, नराला माजात खिजवून, तीस पावलांवर आणून मारायचा हे खरं कसब, असं माझं मत. म्हाताऱ्याला ते थेर वाटायचे. एका सकाळी मी त्याची चार पोती ओढ्यात रिकामी केली. नाताळपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. मरताना मात्र स्वतः कोरलेली बांबूची शीळनळी माझ्या हातात दिली. पुढं मिठाची शिकार कायद्यानंच बंद झाली. म्हणजे माझंच बरोबर होतं. रोंडाची गोष्ट वेगळी आहे.

ओंडका कुजून गेला, पण तिथली माती अजून खारट आहे. एल्कांनी एवढा खड्डा चाटून केलाय की त्यात वासरू बसेल.

१३ सप्टेंबर

गिऱ्हाईक उतरलं. पेल्टियर नाव, दातांचा डॉक्टर. खालच्या गवती धावपट्टीवर छोटं विमान आलं आणि त्यातून हा गृहस्थ नव्याकोऱ्या कपड्यांत बाहेर पडला. बुटांची किंमतसुद्धा मला सांगितली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. त्याची बंदूक माझ्या मनगटाएवढ्या जाड नळीची, वर दुर्बीण, दुर्बिणीवर आणखी काहीतरी. मी विचारलं, हे काय? म्हणाला, वाऱ्याचा वेग मोजतं. मी बोट ओलं करून वर धरलं आणि त्याला वारा दाखवला. हसला नाही.

रोंडाशी मात्र लगेच गट्टी. दोघं फोनवर डोकं घालून बसली. या खोऱ्यात फोन लागत नाही, पण नकाशे आत भरून आणतात म्हणे. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ती हीच.

१५ सप्टेंबर

पहिला दिवस. हॅटीवर बसून मी पुढं, पेल्टियर मागं पायी. उजाडता उजाडता उत्तरेच्या उतारावर पोचलो.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती या फोनवाल्यांना कधी कळणार नाही. शिकार अंगात असावी लागते. गेली तीन वर्षं या डोंगरातले नर शीळ घालत नाहीत. लांडगे परत आले तेव्हापासून गप्प झालेत. जो बोलेल तो मरेल हे जनावरालाही समजतं. आता फार तर खाकरल्यासारखे चार आवाज काढतात. पूर्वी या उतारावर पहाटे असा कल्ला असायचा की झोप लागायची नाही. आता सगळं मुकं. तरी मला कळतं नर कुठं आहे. आज फाट्यावर थांबलो, हॅटीनं कान टवकारून डावीकडं मान केली, आणि त्याच क्षणी माझ्या मनानंही डावीकडं कौल दिला. गेलो तर शंभर पावलांवर नर. शिंगांना पाच-पाच फाटे. पेल्टियरनं दुर्बिणीची चाकं फिरवण्यात एवढा वेळ घालवला की वारा फिरला आणि नर पसार.

परतताना पेल्टियर म्हणाला, "काय सुंदर शीळ होती हो त्याची." मी त्याच्याकडं पाहिलं. शीळ कसली? पुस्तकात वाचून आला असणार.

१६ सप्टेंबर

दिवसभर पाऊस. कुणी कुठं गेलं नाही. डुएननं बेकन करपवलं.

१७ सप्टेंबर

लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

निघताना पेल्टियर म्हणाला, खेचराच्या टापांचा आवाज होतो, आज पायी जाऊ. तेवढ्यात रोंडा आली. "बाबा, हॅटीला न्या." मी म्हटलं, "का? म्हातारा चालू शकत नाही म्हणून?" ती म्हणाली, "तसं नाही. हॅटीला न्या एवढंच सांगतेय." डुएन पण तंबूतून तोंड काढून तेच बोलला. एप्रिलपासून खेचरं विकायला टपलेली बाई मला गिऱ्हाइकासमोर खेचरावर बसवून पाठवणार, म्हणजे सही करायच्या दिवशी सांगायला मोकळी, बघा, पायी चालवत नाही. मी हॅटीला खुंट्याला बांधून टाकलं आणि निघालो.

दोन तास चढलो. कुठंच काही नाही. वडिलांची नळी फुंकली. ओल धरली असावी किंवा बारीक चीर गेली असावी, गेल्या मोसमापासून तिच्यातून नुसता वारा येतो. तरी बोटांना सवय आहे म्हणून फुंकत राहिलो. मग कड्याच्या पोटातून पुढं निघालो तर पेल्टियर मागून बाही ओढायला लागला. मी हात झटकला. त्यानं परत ओढली, उजवीकडं बोट केलं, डोळे विस्फारले. मी कुजबुजत सांगितलं, "माझ्या मागं नीट चाल." आणि चार पावलं टाकतोय तोवर उजवीकडची झाडी फाटली आणि एक प्रचंड नर, सहा-सहा फाट्यांचा, वीस पावलांवरून उधळून खाली गेला. पायाखालची जमीन हादरली.

पेल्टियर दगडावर बसला. "तो अर्धा तास आपल्याशी बोलत होता," म्हणाला. "तुम्ही त्याच्याच अंगावर चालत गेलात आणि वर ओरडलात."

मी कुजबुजलो होतो. त्याच्या साबणाचा वास दोन मैलांवर जातो, ते नाही सांगायचं.

१८ सप्टेंबर

पेल्टियरच्या पायाला फोड आलेत. फोड आलेत असं म्हणतो. सकाळभर रोंडाच्या तंबूपाशी बसून होता. मी पाणी आणायला गेलो तर दोघं बोलत होती, मला पाहून थांबली. आता उलगडलं. हे सगळं आधी ठरलेलं आहे. "शीळ ऐकली, शीळ ऐकली" करून म्हाताऱ्याला भ्रमिष्ट ठरवायचं. म्हणून तर वसंतात मला ग्रँजव्हिलच्या डॉक्टरकडं न्यायला बसली होती. कसली तपासणी ते मी विचारलंसुद्धा नाही. डॉक्टरचा कागद मिळाला की बाप निकामी.

जेवताना मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "त्याला काय कबूल केलंस? माझ्यासोबत नर मिळाला नाही तर तुझ्यासोबत मोठा देईन, असं?"

डुएननं चमचा खाली ठेवला.

रोंडा उठली, माझ्या समोर येऊन बसली आणि माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "तुम्ही आजोबांच्या मिठाची पोती ओढ्यात ओतलीत. मी तुमचं काही ओतलं आहे का? दोन वर्षं मी वाट बघतेय."

"कशाची? माझ्या मरणाची?"

"तुम्ही विचाराल याची," ती म्हणाली.

"काय विचारू?"

ती ताट उचलून निघून गेली. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, आईवर गेलीय. माझ्या आयुष्यात कुणाचा एवढा तिरस्कार वाटला नव्हता आणि तो स्वतःच्या मुलीचा वाटावा, याचीही लाज वाटत नाही आज. उद्या शेवटचा दिवस.

१९ सप्टेंबर

पेल्टियर आला नाही. फोड. म्हणजे पैज संपलीच, शिकारीच नाही तर नर कुणी मारायचा? तरी मी निघालो. कॅम्पात बसून त्यांची तोंडं बघवत नव्हती. हॅटीला घेतलं, कारण गुडघे दुखत होते आणि बघायला कुणी नव्हतं.

मिठाच्या जागेपाशी गेलो. का गेलो माहीत नाही. ज्या शिकारीला आयुष्यभर नावं ठेवली, तिथंच जाऊन बापासारखा बुंध्याला टेकून बसलो. हॅटीला झाडाला बांधलं. कडक थंडी, गवत पांढरं झालेलं. बंदूक मांडीवर. सवयीनं नळी फुंकली. वारा. परत फुंकली. वारा. तासभर बसलो आणि मनात रोंडाला शिव्या घालत होतो.

मग हॅटीकडं नजर गेली. तिचे दोन्ही कान माझ्या पाठीमागं लागले होते, ताठ. मी मान वळवली.

चाळीस पावलांवर नर उभा होता. परवाचाच, सहा-सहा फाट्यांचा. त्यानं मान पुढं ताणली, शिंगं पाठीवर टेकवली, तोंड उघडलं. पोट आत गेलं. तोंडातून वाफेचा लांबच्या लांब लोट निघाला. मी श्वास धरून मोजलं, एक, दोन, तीन, चार. काही नाही. झाडावरची खार सुरकन वर पळाली. हॅटीनं कान पाठीला चिकटवले. मग शेवटी त्याच्या छातीतून ते खाकरणं आलं, चार वेळा, तेवढं ऐकू आलं.

त्यानं परत तोंड उघडलं. परत वाफ. परत काही नाही.

मी नळी उचलून फुंकली. मला वारा ऐकू आला. नर जागच्या जागी वळला, पायानं माती उकरली आणि माझ्याकडं तोंड करून जीव खाऊन ओरडला. नळीला चीर गेलेली नाही.

बंदूक मांडीवरच राहिली. तो तिथं पाच मिनिटं उभा राहून माझ्यावर ओरडत होता आणि मी त्याच्या तोंडातली वाफ बघत बसलो. पन्नास वर्षं कानाशेजारी बंदुका उडवल्या. या एका आवाजासाठी मी बापाशी भांडलो, या आवाजासाठी लग्नाचा वाढदिवस एकदाही घरी काढला नाही. तो आवाज माझ्या कानांतून गेला तेव्हा मला कळलंही नाही, आणि मी लांडग्यांना नावं ठेवत बसलो. मला रडू आलं. ते रागाचं होतं. नर निघून गेला तरी थांबत नव्हतं.

येताना हॅटीला पुढं चालू दिलं.

२० सप्टेंबर

रोंडानं विचारलं, "काल काही दिसलं?"

"नाही," म्हटलं.

२३ सप्टेंबर

पेल्टियरला नर मिळाला. रोंडानं पावणेपाचशे पावलांवरून मारायला लावला. तोच सहा फाट्यांचा. मी कॅम्पातून बंदुकीचा बार ऐकला, बार अजून ऐकू येतात. दोन मैल लांब, उभ्या कड्याखाली. तिची पद्धत म्हणजे मांस पाठीवरून आणायचं, चार खेपा. पेल्टियर पहिल्याच खेपेत बसला.

मी कुणाला न विचारता हॅटी आणि बिशपला घेऊन गेलो. रोंडा मांडीएवढा तुकडा पाठीवर घेऊन चढत होती, मानेपर्यंत रक्त. मला बघून थांबली. मी खोगिरावर दोर टाकला. दोघांनी मिळून मांस बांधलं. ती गाठ चुकीची मारत होती, मी सोडून परत मारली. तिनं मारू दिली.

३ ऑक्टोबर

तंबू उतरवले, खाली आलो. आज संध्याकाळी तेच टेबल, तेच दोन कागद. अर्जावर तिचं नाव घातलं आणि सही केली. पैज ती पैज. डुएन साक्षीला होता.

मग तिनं खेचरांची यादी माझ्याकडं सरकवली. परवा गिऱ्हाईक येऊन बघून जाणार आहे. बिशप, जुनी डॉली, स्मोकी. मी वाचत गेलो. आठ. एकेकाच्या नावावरून बोट फिरवलं, परत वरपासून मोजलं.

"आणि हॅटी?" मी विचारलं.

रोंडा उठून माझ्या समोर आली. माझ्या तोंडाकडं बघत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. आत्ता लक्षात येतंय की गेली दोन वर्षं ती माझ्याशी अशीच बोलते, आणि मला ते उर्मटपणाचं वाटत होतं.

"हॅटी तुमच्याबरोबर राहील, बाबा. डोंगरावर जाताना तिला न्यायचं."

"तू मला सांगायचंस," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर?"

सांगितलं असतं तर मी तिला घराबाहेर काढली असती. ते मी बोललो नाही. राग गेलेला नाही, लवकर जाणारही नाही. माझं कुरण गेलं, आठ जनावरं गेली, आणि पुढच्या साली पाठीवर पिशव्या घेतलेली माणसं माझ्या बापाच्या डोंगरावर फोन बघत फिरणार आहेत. त्यांच्यापुढं मी हॅटी घेऊन चालेन. तिचे कान बघायला शिकायला हवं, इतके दिवस ते मी स्वतःच्या अकलेच्या खात्यावर घालत होतो.

ग्रँजव्हिलच्या डॉक्टरकडं मंगळवारी जायचं आहे. रोंडा गाडी चालवणार.

यादी इथंच डायरीत घडी करून ठेवली आहे. वर तारीख एप्रिलची आहे. नऊपर्यंत मोजता येतं तिला.